एका दैनिकाचा प्रदेश कसा ठरतो?

नागपुरातून निघणाऱ्या मराठी दैनिकाचा प्रदेश कोणता, हे विदर्भाच्या नकाशापेक्षा रात्रीच्या घड्याळावरून अधिक अचूक सांगता येते. वर्तमानपत्र हा अत्यंत नाशवंत माल आहे. सकाळी सातला ज्याची वाट पाहिली जाते, त्याला दुपारनंतर गिऱ्हाईक मिळत नाही. त्यामुळे छापखान्यातून निघालेली गाडी उजाडेपर्यंत जिथवर जाते, तिथवरच त्या दैनिकाचे वाचक असतात. मात्र ही गाडीची सीमा झाली. दैनिकाला पैसे पुरवणाऱ्या जाहिरातदाराच्या मनातली सीमा निराळी असते, आणि ‘वर्तमानपत्रात छापले म्हणजे लोकांना कळले’ असे मानणाऱ्या कायद्याने धरलेली सीमा आणखी निराळी. या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. प्रादेशिक दैनिक आणि त्याचा समाज यांच्या नात्यातल्या बहुतेक अडचणी या न जुळण्यातून निघतात, असे माझे मत आहे, आणि ते पटवण्यासाठी दैनिकाचे कामकाज थोडे उलगडून सांगावे लागेल.

रात्रीचा उलटा हिशेब

नागपूरहून गडचिरोली रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर आहे. तिथून पुढे आलापल्ली, अहेरी करत सिरोंचा गाठायचा तर आणखी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा, बराचसा जंगलातला रस्ता उरतो. गडचिरोलीच्या एजंटाला पहाटे पाचच्या सुमारास गठ्ठे मिळायचे असतील, तर गाडीने छापखाना रात्री एकच्या आगेमागे सोडलाच पाहिजे. त्याआधी छपाई, त्याआधी प्लेटा तयार होणे, त्याआधी पाने लागणे, असा हिशेब मागे मागे नेला की त्या आवृत्तीच्या पानावर शेवटचा हात रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास फिरलेला असतो. म्हणून सर्वांत दूरची आवृत्ती सर्वांत आधी छापतात. तिला डाक आवृत्ती म्हणतात, आणि शहर आवृत्ती सर्वांत शेवटी यंत्रावर चढते. रात्री उशिरा संपलेल्या क्रिकेट सामन्याचा निकाल धरमपेठेतल्या वाचकाला सकाळी छापील मिळतो, अहेरीच्या वाचकाला तो त्या दिवशी मिळत नाही. डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनात सभागृह रात्री उशिरापर्यंत चालले, तर गडचिरोलीसंबंधीचा निर्णय नागपूरकर आधी वाचतो आणि गडचिरोलीकर एक दिवसाने.

आवृत्ती बदलणे म्हणजे काय, हेही समजून घेण्यासारखे आहे. संगणकावर लावलेले पान थेट अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उमटवले जाते. हीच प्लेट. काळ्या-पांढऱ्या पानाला एक प्लेट पुरते, रंगीत पानाला चार लागतात. एखाद्या जिल्ह्यासाठी दोन पाने बदलायची, तर यंत्र थांबवून तेवढ्या प्लेटा काढायच्या, नव्या चढवायच्या आणि छपाई पुन्हा सुरळीत होईपर्यंत काही अंक वाया घालवायचे. म्हणून पहिले पान, अग्रलेखाचे पान, क्रीडा आणि देश-विदेश ही पाने बहुधा सामाईक असतात, आणि जिल्ह्यांची दोन-चार पाने तेवढी बदलतात. गोंदियाच्या पानावर धानखरेदी आणि बोनस, अमरावतीच्या पानावर संत्र्याचा आंबिया बहार, यवतमाळच्या पानावर कापूस, चंद्रपूरच्या पानावर कोळसा आणि ब्रह्मपुरी परिसरातले वाघ, अशी ही वाटणी वर्षानुवर्षे बसलेली आहे.

वाचकाला त्याच्या तालुक्याची बातमी मिळते, हा या पद्धतीचा मोठा लाभ, आणि तो कमी लेखू नये. पण त्याची किंमतही आहे. जिल्ह्याची बातमी जिल्ह्याच्याच पानात अडकते. वैनगंगा नदीला मात्र या भिंती माहीत नसतात. ती मध्य प्रदेशातून येते, गोंदिया आणि भंडाऱ्यातून वाहते, आणि पुढे चंद्रपूर व गडचिरोलीच्या सीमेवरून जाते. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ तिच्यावर गोसीखुर्द धरण आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस धरणातून मोठा विसर्ग झाला, तेव्हा खालच्या बाजूला ब्रह्मपुरी आणि देसाईगंज परिसरापर्यंत पुराचे पाणी पसरले. भंडाऱ्याच्या पानावरची धरणाची पातळी ही खरे तर खालच्या दोन जिल्ह्यांसाठी अधिक महत्त्वाची बातमी असते. ती कोणत्या पानावर जाईल, हे रात्री दहाच्या सुमारास डेस्कवर बसलेला एखादा उपसंपादक ठरवतो. त्याला नदीचा भूगोल ठाऊक असेल तर ती सामाईक पानावर येते, नसेल तर भंडाऱ्यातच राहते. आवृत्त्या वाढल्या तसे हे सामाईक भान कमी झाले, असे मला वाटते.

नागपूरला स्वतःचे वर्तमानपत्र का लागले

मुंबई नागपूरपासून आठशे किलोमीटरांहून दूर आहे, त्यामुळे तिथे रात्री छापलेला अंक इथे सकाळी चहाबरोबर वाचायला मिळणे रेल्वेच्या काळात शक्यच नव्हते. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर ही वेगळ्या प्रांताची राजधानी होती. आधी मध्य प्रांत व वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशाची. राजधानी म्हटली की विधिमंडळ, न्यायालय, सचिवालय आले, आणि त्यांच्या बातम्यांना वाचकही आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ‘भारत सेवक समाजा’च्या वतीने १९११ साली ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र इथे सुरू केले. १९१४ साली गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ आले. ग. त्र्यं. माडखोलकर १९४४ पासून ‘तरुण भारत’चे संपादक होते. यवतमाळचे जवाहरलाल दर्डा यांचे ‘लोकमत’ १९७१ च्या डिसेंबरात नागपुरातून दैनिक म्हणून निघू लागले. हिंदी वाचकांसाठी ‘नवभारत’ त्याआधीपासून होताच, आणि नागपूरच्या एकाच घरात मराठी व हिंदी असे दोन अंक येणे ही इथे कोणाला नवल वाटण्यासारखी गोष्ट नाही.

माडखोलकरांचे उदाहरण मुद्दाम देतो. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. त्याच काळात विदर्भात बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते वेगळ्या विदर्भाच्या बाजूने होते, आणि १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगानेही वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. म्हणजे संपादक एका बाजूला आणि त्याच्या वाचकांतला बराच भाग दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती इथे फार पूर्वीपासून आहे. दैनिक हे आपल्या समाजाचे मत जसेच्या तसे मांडते, हा समज त्यामुळे सोडून द्यावा. समाजाला ज्या विषयावर भांडायचे आहे तो विषय ते रोज समोर ठेवते, इतके म्हणता येईल.

अंकाची किंमत कोण देते

इथे थोडे आकडे मांडतो. ते समजावण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही एका दैनिकाचे नाहीत. मोठ्या आकाराच्या दैनिकाचे एक पान साधारण ३३ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर लांब असते. बारा पानी अंकात असे सहा कागद, म्हणजे एक चौरस मीटरहून किंचित अधिक कागद लागतो. वर्तमानपत्री कागदाचे वजन चौरस मीटरला ४५ ग्रॅम धरले, तर अंकाचे वजन ४८ ग्रॅमच्या आसपास भरते. कागद किलोला ६० रुपये धरला, तर नुसता कागदच तीन रुपयांच्या जवळ जातो. अंकाची छापील किंमत पाच रुपये असली आणि एजंट व विक्रेत्याचे कमिशन मिळून त्यातला एक तृतीयांश भाग गेला, तर मालकाच्या हाती सव्वातीन-साडेतीन रुपये उरतात. त्यातून शाई, प्लेटा, वीज, गाड्यांचे डिझेल, पगार आणि न खपलेले परत आलेले अंक हे सगळे भागायचे असते. ते भागत नाही. म्हणजे प्रत्येक अंक तोट्यात विकला जातो आणि खप वाढला की तोटाही वाढतो. तो भरून काढते जाहिरात.

भारताला लागणाऱ्या वर्तमानपत्री कागदाचा मोठा भाग आयात होतो, त्यामुळे हा हिशेब बंदरातल्या भाड्यावर, रुपयाच्या दरावर आणि परदेशातल्या युद्धावरही हलतो. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात या कागदावर १० टक्के आयातशुल्क बसले आणि पुढच्या फेब्रुवारीत ते ५ टक्क्यांवर आले. विक्रीच्या अंकावर जीएसटी नाही, छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के आहे.

किंमत वाढवून हा प्रश्न सुटणार नाही का, असे विचारले जाते. केंद्र सरकारने एकदा उलट्या बाजूने प्रयत्न करून पाहिला होता. मोठी पत्रे जास्त पाने स्वस्तात देऊन लहान पत्रांना मारतात, म्हणून पाने आणि किंमत यांचे प्रमाण ठरवून देणारा कायदा १९५६ साली झाला आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने कायदा व आदेश दोन्ही रद्द ठरवले. किंमत वाढवायला किंवा पाने कमी करायला लावणे म्हणजे खप कमी करायला लावणे, आणि खपावर घाला हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच घाला आहे, असे त्या निकालाचे सार आहे. घटनेच्या दृष्टीने तो निकाल योग्यच होता. पण त्यानंतर किंमत पूर्णपणे स्पर्धेवर सोडली गेली, आणि अंक तोट्यात विकण्याची सवय वाचकालाही लागली. आज एखाद्याने अंकाची किंमत दहा रुपये केली, तर वाचक शेजारचे दैनिक उचलेल, ही भीती प्रत्येक मालकाला असते आणि ती खोटी नाही.

आता हा हिशेब गाडीच्या सीमेला लावून पाहा. सीताबर्डीतल्या सराफाला, वर्धा रोडवर सदनिका बांधणाऱ्या विकासकाला किंवा रामदासपेठेतल्या रुग्णालयाला अहेरीचा वाचक फारसा नको असतो. त्यांना नागपूर शहर हवे, फार तर कामठी, हिंगणा, बुटीबोरी. उलट अहेरीला अंक पोहोचवायचा खर्च सर्वांत जास्त. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो आणि गठ्ठे वाटेतच अडकतात. ज्या वाचकावर सर्वाधिक खर्च होतो, त्याच्यासाठी पैसे द्यायला कोणीही तयार नाही. तरीही गाडी जाते, कारण शासकीय जाहिराती आणि निविदा मिळवण्यासाठी जिल्ह्यातला खप दाखवावा लागतो, आणि प्रतिस्पर्ध्याची गाडी जात असताना आपली थांबवणे प्रतिष्ठेला परवडत नाही. तिथल्या वाचकाची गरज हे कारण या यादीत फार खाली येते. हे कडू आहे, पण आवृत्ती बंद करण्याचे निर्णय कसे होतात ते यावरून कळते.

खपाचा आकडा खरा की फुगवलेला, हे तपासण्यासाठी १९४८ पासून ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था आहे. ती सहा-सहा महिन्यांचा सरासरी खप प्रमाणित करते. तिचे सभासद होणे ऐच्छिक असते. खप आणि वाचकसंख्या हे दोन वेगळे आकडे आहेत, एवढे वाचकाने लक्षात ठेवले तरी पुरे. ग्रामपंचायतीतल्या एका अंकाला वीस वाचक असू शकतात, आणि जाहिरातीत नेहमी यांतला मोठा आकडा छापतात.

जाहीर सूचना: कायद्याने मानलेला समाज

दैनिकाचे सर्वांत कमी वाचले जाणारे आणि परिणामाने सर्वांत जड असे पान जाहीर सूचनांचे आहे. बारीक टाइपात, वकिली भाषेत छापलेल्या या चौकोनांकडे बहुतेक वाचक पाहतही नाहीत. त्यांचे वजन कुठून येते, ते पाहू.

एखाद्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी सापडत नसेल किंवा समन्स टाळत असेल, तर न्यायालय वर्तमानपत्रातून समन्स छापण्याचा आदेश देऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पाचव्या आदेशातला विसावा नियम सांगतो की, असे समन्स प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता, धंदा करत होता किंवा नोकरी करत होता, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात छापावे. ते छापले की प्रतिवादीला प्रत्यक्ष हातात समन्स मिळाल्यासारखे मानले जाते. त्याने ते वाचले की नाही, हा प्रश्न पुढे सहसा येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या ११ व्या कलमानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले हवे. त्यानंतर हरकत घेण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. कर्ज थकल्यावर बँक घराचा ताबा घेते, तेव्हा ताब्याची सूचना सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आणि त्यांतलेही एक स्थानिक भाषेतले असावे लागते. खाण किंवा मोठा उद्योग उभा राहणार असेल, तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. कोळसा आणि लोहखनिज पोटात असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीत या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गुन्हेगारी खटले असलेल्या उमेदवाराने त्याची माहिती प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात छापली पाहिजे, तीही याच पानांच्या आसपास सापडते.

या सर्व तरतुदींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: त्या भागात एक दैनिक खपते, ते लोक वाचतात, आणि म्हणून ते छापले की समाजाला कळले. १९०८ साली संहिता झाली तेव्हा, आणि नंतर दुरुस्त्या झाल्या तेव्हाही, दुसरा मार्ग हाताशी नव्हता. आज या गृहीतकाला बरीच भोके आहेत. ‘त्या भागात खपणारे’ याचा अर्थ किती प्रती खपणारे, हे कायदा सांगत नाही. ज्याला सूचना पोहोचू नये असेच वाटते, तो नेमके असे पत्र निवडतो की जे नियमाच्या चौकटीत बसेल आणि कोणाच्या घरी येणार नाही. शेत विकत घेण्यापूर्वी वकिलामार्फत ‘हरकत असल्यास सात किंवा पंधरा दिवसांत कळवावे’ अशी सूचना देण्याची आपल्याकडे रूढी आहे. वडिलोपार्जित शेतात हिस्सा असलेली बहीण लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली असेल, तर आवृत्त्यांच्या भिंतीमुळे ती सूचना तिच्या अंकात येतच नाही. काटोलच्या शेताची सूचना नागपूर जिल्ह्याच्या पानावर छापली, आणि बहीण गोंदियात राहते, तर कागदोपत्री सर्वांना कळलेले असते आणि तिला काहीच कळलेले नसते. नंतर न्यायालयात तिचा हक्क शाबीत होऊ शकतो, पण तोवर काही वर्षे निघून जातात.

म्हणून ज्यांची जमीन, घर किंवा दावा नागपूरच्या आसपास आहे आणि स्वतः दुसरीकडे राहतात, त्यांनी त्या जिल्ह्याच्या आवृत्तीचा ई-पेपर अधूनमधून उघडून सूचनांचे पान पाहावे, असे मी आग्रहाने सांगतो. आपल्या गावाचे नाव आणि गट क्रमांक तेवढे नजरेखालून घातले तरी काम होते, संपूर्ण मजकूर वाचायची गरज नसते.

तालुक्याचा वार्ताहर

या यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा माणूस छापखान्यात किंवा संपादकाच्या दालनात बसत नाही. तो उमरेडला, तुमसरला, वरोऱ्याला किंवा आर्वीला बसतो. त्याला तालुका वार्ताहर किंवा तालुका प्रतिनिधी म्हणतात. बहुतेक वेळा त्याला पगार नसतो. थोडे मानधन असते किंवा तेही नसते, आणि ओळखपत्र असते. त्याचा उदरनिर्वाह शेतीवर, दुकानावर किंवा शिकवणीवर चालतो. पूर्णवेळ पत्रकारांसाठी १९५५ सालचा श्रमिक पत्रकार कायदा होता, वेतन मंडळे होती, आणि त्यांतल्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कायम केल्या. या संरक्षणाच्या चौकटीत तालुक्याचा वार्ताहर व्यवहारात क्वचितच बसला.

पुष्कळ ठिकाणी हाच माणूस दैनिकाचा एजंटही असतो. पहाटे तो गठ्ठे उतरवून घेतो, मुलांना लाइन वाटून देतो, दिवसा बातम्या पाठवतो, महिन्याच्या शेवटी बिले गोळा करतो आणि दिवाळी, पंधरा ऑगस्ट, दैनिकाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी जाहिराती आणतो. जाहिरातीवरचे कमिशन हे त्याचे खरे उत्पन्न. ज्या सरपंचाकडून, संस्थाचालकाकडून किंवा ठेकेदाराकडून त्याला शुभेच्छांची जाहिरात घ्यायची असते, त्याच्याच रस्त्याच्या कामाबद्दल त्याने बातमी लिहावी, अशी अपेक्षा वाचक करतो. पंचाला दोन्ही संघांकडून जेवण मिळत असेल तर सामना कसा होईल, तसा हा प्रकार आहे. काही वार्ताहर तरीही लिहितात आणि त्याचे परिणाम भोगतात. ते शहरातल्या पत्रकारापेक्षा अधिक धाडसाचे असते, कारण ज्याच्याविरुद्ध लिहिले तो दुसऱ्या दिवशी चौकात समोर उभा असतो.

निवडणुकीत हीच फट रुंद होते. जाहिरातीचे पैसे घेऊन मजकूर बातमी म्हणून छापायचा, याला आता सर्वत्र ‘पेड न्यूज’ म्हणतात. २००९ च्या निवडणुकांनंतर त्यावर बराच गदारोळ झाला, महाराष्ट्रातली उदाहरणे त्यात ठळक होती, आणि भारतीय प्रेस परिषदेने नेमलेल्या उपसमितीने २०१० साली त्यावर सविस्तर अहवाल दिला. आता प्रत्येक जिल्ह्यात निवडणूककाळात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. ती संशयास्पद मजकुराचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरते. वाचकाला स्वतः ओळखायचे असेल तर खूण सोपी आहे: बातमीत दुसरी बाजू नाही, प्रश्न नाही, विशेषणे भरपूर आहेत, आणि तोच मजकूर दोन दैनिकांत स्वल्पविरामासकट सारखा आहे.

जे या समाजात मोजले जात नाहीत

दैनिकाचा समाज म्हणताना कोण वगळले जाते, हे बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात स्पष्ट केले होते. त्या काळची बरीच पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात आणि बहिष्कृतांच्या प्रश्नांना त्यांत जागा नाही, हे त्यांचे निरीक्षण होते. १९५६ साली नागपुरातच धम्मदीक्षा झाली. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथल्या दैनिकांत दीक्षाभूमीवर पानेच्या पाने येतात, आणि तो फरक खरा आहे. पण त्या पानांतला किती मजकूर अभिवादनाच्या जाहिरातींचा आणि किती त्या समाजाच्या वर्षभराच्या प्रश्नांचा, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. गडचिरोलीतल्या गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांसाठी तर मराठी दैनिक ही दुसऱ्या भाषेतली वस्तू आहे. त्यांच्या गावाबद्दलची बातमी बहुधा पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातून येते, आणि गावकऱ्याचे म्हणणे घ्यायला दुभाषी लागतो.

छापील अंकाची घसरण साथीच्या काळात वेगाने झाली. १८ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने घरोघरी अंक टाकण्यावर बंदी घातली आणि तीनच दिवसांनी मुंबई-पुणे व प्रतिबंधित क्षेत्रे वगळून ती सैल केली. पण त्या सुमारास ज्यांनी पेपरवाल्याला ‘काही दिवस नको’ म्हटले, त्यांतल्या अनेकांनी ‘आता द्या’ असे पुन्हा म्हटले नाही. तरीही मोबाइलने दैनिकाचे सगळे काम उचलले, असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा त्या दिवशीचे अंक छापून गाड्यांत चढलेले होते. पाण्याची दृश्ये लोकांनी मोबाइलवरच पाहिली. मात्र सांडव्याची रचना, नदीपात्रातली बांधकामे, त्याबाबतची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढची जनहित याचिका आणि तिच्या तारखा यांचा माग महिनोन् महिने ठेवायला माणूस पगारावर ठेवावा लागतो, आणि तसा माणूस ठेवणारी संस्था आजही मुख्यतः दैनिक हीच आहे. निधनवार्तांचेही तसेच. पुण्यात किंवा बंगळुरूत स्थायिक झालेले कितीतरी नागपूरकर ई-पेपर उघडतात ते आधी त्याच पानासाठी.

दैनिकात चुकीचे छापून आले, तर वाचकाने काय करायचे, हेही माहीत असावे. प्रत्येक अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व पत्ता छापलेला असतो. १८६७ च्या जुन्या कायद्याने ही सक्ती आणली होती, आणि १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या नोंदणी कायद्याने घेतली आहे. तक्रार आधी त्या संपादकाकडे लेखी करायची, त्याचे उत्तर मिळाले नाही किंवा समाधानकारक वाटले नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जायचे. दैनिकाच्या बाबतीत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत हे करावे लागते. परिषद समज देऊ शकते, ताशेरे मारू शकते, निर्णय छापायला सांगू शकते. दंड करण्याचा किंवा भरपाई देववण्याचा अधिकार तिला नाही. भरपाई हवी असेल तर अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा लावावा लागतो. तक्रारीसोबत कात्रण जोडताना ते कोणत्या आवृत्तीचे आणि कोणत्या पानावरचे, हे अवश्य लिहावे. एकाच तारखेच्या अंकात चंद्रपूरच्या वाचकाने पाहिलेला मजकूर नागपूरच्या अंकात कुठेच नसू शकतो.